ओबीडी स्कॅनर: चेक इंजिनच्या दिव्यापायी घेतलेला, पावसाळाभर वापरलेला

ओबीडी स्कॅनर म्हणजे गाडीने स्वतः नोंदवलेले बिघाडाचे कोड फोनवर दाखवणारा छोटा डोंगल. हा लावला की फोनवर ‘अमुक पार्ट बदला’ असं लिहून येतं, या समजुतीत जे असतील त्यांनी आपले पैसे वाचवावेत. तसं काही येत नाही. तरीही मी तो घेतला ते बरंच केलं. का, ते जरा पाल्हाळ लावून सांगतो.

गाडी पेट्रोल हॅचबॅक, तीन सिलिंडरची, बीएस ६. घर कासारवडवलीला, ऑफिस ऐरोलीत. म्हणजे रोजचा घोडबंदर रोड, कापूरबावडी, कळवा, विटावा. पाऊस सुरू झाला आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी लॅपटॉप लावला, कोड पुसला आणि ‘पेट्रोलचा प्रॉब्लेम असेल’ म्हणाले. ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, आल्यापासून हे उत्तर कशालाही चालतं. थोड्याच दिवसांत दिवा परत. मग इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग. बिल भरलं, दिवा परत. त्यानंतर ऑक्सिजन सेन्सरचं एस्टिमेट हातात ठेवलं, तेव्हा ‘बघतो’ म्हणून गाडी बाहेर काढली आणि हजाराच्या आतला ब्लूटूथ स्कॅनर मागवला.

जोडणी सोपी आहे. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात खुपसायचा, इग्निशन चालू करायचं, फोनला पेअर करायचा. पेअरिंगचा पासवर्ड बहुतेक १२३४. आयफोनवाल्यांनी आधी नीट चौकशी करावी, कारण साधे ब्लूटूथ डोंगल त्यावर चालत नाहीत. बीएलई (कमी वीज खाणारं ब्लूटूथ) किंवा वायफायवाला घ्यावा लागतो.

माझ्या गाडीने दाखवला पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पेट्रोल नीट पेटत नाही. हे सर्व्हिस सेंटरला दिसलं नसेल असं नाही. पण खरा माल कोडच्या खाली ‘फ्रीझ फ्रेम’ नावाच्या पानावर असतो. कोड पडला त्या क्षणी इंजिनचे आकडे काय होते, ते गाडी तिथे नोंदवून ठेवते: आरपीएम, लोड, वेग, कूलंटचं तापमान. माझ्याकडे दर वेळी तेच चित्र. इंजिन पूर्ण तापलेलं, आरपीएम कमी, लोड भरपूर. म्हणजे कापूरबावडीच्या पुलावर ट्रॅफिकमधून तिसऱ्या गिअरवर रेटत चढताना. सर्व्हिस सेंटरच्या आवारात न्यूट्रलवर उभ्या गाडीत हे दिसणारच नव्हतं. आणि कोड पुसला की हे पानही पुसलं जातं! दर खेपेला माझ्या गाडीचा पंचनामा करायच्या आधीच जागा धुऊन निघत होती.

फ्रीझ फ्रेमचे स्क्रीनशॉट घेऊन वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या मेकॅनिककाकांकडे गेलो. त्यांनी फोनकडे ओझरतं बघितलं. “साहेब, कोड बघून पार्ट बदलत बसलो तर गाडी विकायची पाळी येईल तुमच्यावर.” त्यांनी दोन आणि तीन नंबरच्या इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देतात त्या) आपसांत बदलल्या, बाकी कशालाही हात लावला नाही, आणि म्हणाले, चालवा. दिवा लागला, या वेळी पी०३०३. बिघाड कॉइलच्या पाठोपाठ तिसऱ्या सिलिंडरवर गेला, म्हणजे प्लग, इंजेक्टर, पेट्रोल सगळे निर्दोष. नवी कॉइल टाकली. पावसाळा सरला, दिवाळी गेली, दिवा लागलेला नाही.

मधल्या काळात एकदा दिवा लुकलुकला होता, ते वेगळं सांगायला हवं. स्थिर पिवळा दिवा म्हणजे लवकर दाखवा. लुकलुकणारा दिवा म्हणजे मिसफायर इतका आहे की न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो भाजून काढतंय. तेव्हा अॅक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या. कन्व्हर्टरची किंमत एकदा विचारून बघा, पाय आपोआप हलका होतो.

आता तक्रारी. विटाव्याच्या रेल्वेपुलाखालच्या पाण्यातून गाडी काढल्यावर एबीएसचा (ब्रेकच्या यंत्रणेचा) दिवा लागला आणि अॅप म्हणालं, ‘एकही दोष नाही’. साधा स्कॅनर इंजिन आणि धुरापुरतं बघतो. एबीएस, एअरबॅग बहुधा त्याच्या गावी नसतात. (चाकाजवळच्या सेन्सरला चिखल बसला होता.) दुसरं, सॉकेटला बॅटरीचा पुरवठा कायम असतो, त्यामुळे गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर डोंगल काढून ठेवा. माझा तसाही गुडघ्याला लागतो. स्वस्त डोंगलमध्ये ईएलएम ३२७ या, गाडीशी बोलणाऱ्या चिपची नक्कल असते; मूळ चिप बनवणारी कॅनडातली एल्म इलेक्ट्रॉनिक्स २०२२ मध्ये बंद झाली. खोक्यावर ‘व्हर्जन १.५’ असेल तर हसून घ्या, त्या आकड्याची मूळ चिप कधी निघालीच नव्हती. काम मात्र भागतं.

आणि एक उपयोग, जो घेताना डोक्यात नव्हता. शेजारचे वहिनी-दादा सेकंडहँड गाडी बघायला कोपरखैरण्याला निघाले होते, डोंगल घेऊन मीही गेलो. मीटरवर एकही दिवा नाही, एजंट खुशीत. पण ‘कोड पुसल्यानंतरचं अंतर’ या रकान्यात जेमतेम अकरा किलोमीटर, आणि गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, ज्यांना रेडिनेस मॉनिटर म्हणतात, त्या बऱ्याचशा ‘अपूर्ण’. एजंट म्हणाला, बॅटरी बदललीय. बदललीही असेल, बॅटरी काढली तरी बऱ्याच गाड्यांत हे आकडे शून्यावर येतात. दादा म्हणाले, मग आठवडाभर फिरू द्या, पुढच्या रविवारी येऊन परत लावून बघतो. त्यावर एजंट म्हणाला, दुसरं गिऱ्हाईक टोकन घेऊन उभं आहे.