ताकायासू आणि जायंट सेल: महाधमनीच्या सुजेचे दोन आजार

दोन्ही आजारांत महाधमनीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला, किंवा तिच्या हाताकडे-डोक्याकडे जाणाऱ्या फांद्यांना सूज येते, दोन्हींचे उपचार स्टेरॉइडनेच सुरू होतात, पण गिऱ्हाईक वेगळं. ताकायासू बहुधा चाळिशीच्या आतल्या बायकांना गाठतो आणि आपल्याकडे जास्त दिसतो तो हाच. ठाणे-वाशी लोकलमध्ये वरची कडी धरून उभ्या मुलीचा हात ऐरोली यायच्या आत भरून येतो, बारीक ताप महिनोन्‌महिने रेंगाळतो. घरचे म्हणतात, दगदग. दोन्ही हातांचं बीपी मोजलं तर एकीकडे १३०, दुसरीकडे ९०, मनगटाला नाडी जेमतेम. एकाच हाताचं बीपी बघून पेशंटला घरी पाठवणं मला तरी पटत नाही.

जायंट सेल पन्नाशीनंतरचा. कानशिलं ठणकतात, केस विंचरताना टाळू दुखते, भाकरी चावता चावता जबडा थकतो. भारतात कमी, म्हणून चटकन डोक्यात येत नाही. घाई मात्र इथेच: दृष्टी कायमची जाऊ शकते, त्यामुळे दाट संशय असला की बायोप्सीच्या (कानशिलाच्या धमनीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीच्या) रिपोर्टसाठी न थांबता स्टेरॉइड देतात.

ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या; त्यांचे आकडे दोन्ही आजारांत वाढतात. पण ताकायासूत ईएसआर नॉर्मल असूनही आत सूज चालू राहू शकते. तिथे एमआर अँजिओग्राफीसारखी (एमआरआयने रक्तवाहिन्यांचं चित्र काढणारी) तपासणी लागतेच.