रंगीत पाण्याचे साडेनऊ हजार

आमचा रत्नागिरीत लग्नसमारंभांच्या चित्रीकरणाचा व्यवसाय आहे. यजमान कॅमेरा सांभाळतात आणि एडिटिंग मी घरीच करते. २०२४ च्या एप्रिलमध्ये, ऐन लग्नसराईत, संगणक कमालीचा तापू लागला. त्यात रायझन ७ ५८००एक्स हा प्रोसेसर आहे. त्याची तापमानाची कमाल मर्यादा ९० अंश सेल्सिअस असून ती गाठली की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. परिणामी तासाभरात तयार होणाऱ्या चित्रफितीला दोन तास लागू लागले. आत साचलेली धूळ साफ करून घ्यावी, एवढ्याच हेतूने मी संगणक शहरातल्या एका दुकानात नेला.

दुकानदाराने कॅबिनेट उघडून आतल्या पंख्याच्या कूलरकडे पाहिले आणि मान हलवली. "ताई, किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत पंखा टिकत नाही. लिक्विड कूलिंग बसवून घ्या, पाणी आले की उष्णतेचे नावच नको," असे त्याने सांगितले. बोलणे अर्धे खरे होते आणि म्हणूनच मी त्याला भुलले. खाऱ्या हवेने पत्रे, कड्या, बिजागऱ्या कशा गंजतात हे आम्ही रोज पाहतो. पण ज्या रेडिएटरच्या जाळीतून पाणी थंड होते, त्यावरही पंखेच असतात आणि तेही खोलीतलीच खारी हवा ओढतात, हे त्याने सांगितले नाही आणि मलाही तेव्हा सुचले नाही.

ही यंत्रणा मुळात साधी आहे. प्रोसेसरवर तांब्याची पट्टी बसते, तिच्यातून फिरणारा द्रव उष्णता उचलतो, पंप तो द्रव नळ्यांमधून रेडिएटरकडे ढकलतो आणि तिथले पंखे ती उष्णता खोलीत सोडतात. म्हणजे उष्णता शेवटी खोलीच्याच हवेच्या पदरी पडते आणि द्रव खोलीपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. दुकानात वातानुकूलन होते, तर माझ्या माडीवर एप्रिलच्या दुपारी ३३ अंश असतात. त्याने कॅबिनेटची बाजूची काच काढून ठेवली, पाच मिनिटे चाचणी चालवली आणि ६२ अंशांचा आकडा दाखवला. पाणी तापायला वेळ घेते. अशा कूलरचे खरे तापमान समजण्यासाठी चाचणी किमान अर्धा तास, काच लावून, चालवावी लागते. पाच मिनिटांत दिसतो तो केवळ गार पाण्याचा उसना थंडावा. मी मात्र त्या आकड्यावर खूश होऊन साडेनऊ हजार रुपये मोजले आणि बसवण्याचे पाचशे वेगळे दिले. २४० मिलिमीटरचा रेडिएटर असलेला तो कूलर दुकानदाराने खोक्यातून काढूनच आणला होता. खोक्याचे सील माझ्यासमोर फोडलेले नव्हते, हे मला पुष्कळ उशिरा आठवले.

मे महिना बरा गेला. जूनमध्ये कॅबिनेटमधून गुळगुळ असा आवाज येऊ लागला आणि तापमान पुन्हा ८५ च्या घरात गेले. जुलैत एका सकाळी काचेतून पाहिले तर ग्राफिक्स कार्डावर पाण्याचे थेंब होते. आमचे घर कौलारू असून पावसाळ्यात एखादे कौल सरकले की माडीवर गळती लागतेच. त्यामुळे मला दुसरा कसलाही संशय आला नाही. मी दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर कळवले की कौलातून पाणी गळते आहे, टेबल हलवले की संगणक दाखवायला आणते. हा संदेश पुढे मला चांगलाच महागात पडला.

त्या रात्री कॅबिनेटवर एक स्टीलचे पातेले ठेवले. सकाळी पातेले कोरडे ठणठणीत होते आणि कार्डावर मात्र नवे थेंब होते. बॅटरी लावून नीट पाहिले तेव्हा थेंबांना पोपटी झाक दिसली आणि पंपाला नळी जोडलेल्या जागी पांढरट-हिरवट खरपुडी धरलेली आढळली. पागोळीचे पाणी पोपटी नसते. मी प्लग काढला, पण तोवर कार्ड गेलेले होते.

यजमानांनी संगणक घोंगडीत गुंडाळून, भर पावसात एसटीने आंबा घाट चढून, कोल्हापूरच्या ओळखीच्या तंत्रज्ञाकडे नेला. त्याने आमच्या देखत रेडिएटरवरचा कंपनीचा स्टिकर उचलला. खालच्या स्क्रूच्या खाचा झिजलेल्या होत्या आणि भोवती सिलिकॉन लावलेले होते. बंदिस्त कूलर कारखान्यातूनच भरून येतो, तो दुकानात उघडण्याचे काहीच कारण नसते. स्क्रू काढून आतला द्रव वाटीत ओतला तेव्हा गढूळ पाणी आणि त्यात पांढरे कण निघाले. तांब्याची पट्टी उघडल्यावर तिच्यातल्या केसाएवढ्या बारीक फटी पिठूळ राड्याने बुजलेल्या दिसल्या. कंपनीकडे सिरियल क्रमांक कळवला असता तो कूलर कित्येक वर्षांपूर्वीचा असून त्याची वॉरंटी संपली असल्याचे उत्तर आले. म्हणजे कोणीतरी काढून टाकलेला, कालांतराने नळ्यांतून द्रव उडून अर्धा झालेला कूलर, रंग घातलेले साधे पाणी भरून मला नवा म्हणून विकला होता.

साधे पाणी इतके का बाधले, हे तंत्रज्ञाने समजावले. अशा बहुतेक कूलरमध्ये पट्टी तांब्याची आणि रेडिएटर अॅल्युमिनियमचा असतो. दोन वेगळे धातू एकाच पाण्यात आले की त्यांतला अधिक क्रियाशील धातू झिजतो. मिरकरवाडा बंदरात बोटींच्या पंख्यापाशी जस्ताचे तुकडे लावतात ते याचसाठी. जस्त झिजते आणि पंखा वाचतो. माझ्या कूलरमध्ये झिजायची पाळी अॅल्युमिनियमवर आली आणि त्याचाच पांढरा राडा फटींत जाऊन बसला. म्हणून कारखान्यात ग्लायकॉलसह गंजरोधक मिसळलेला द्रव भरतात. बॅटरीचे शुद्ध पाणी भरले तरी, गंजरोधकाशिवाय, ही झीज थांबत नाही.

दुकानदाराकडे गेले तेव्हा त्याने शांतपणे माझाच व्हॉट्सअॅप संदेश पुढे केला. "तुम्हीच लिहिले आहे, कौलातून पाणी गळते. पाण्याने झालेले नुकसान वॉरंटीत नसते." माझ्याजवळचे बिल म्हणजे 'एस्टिमेट' छापलेली चिठ्ठी होती, तिच्यावर ना जीएसटी क्रमांक, ना कूलरचा सिरियल क्रमांक. यूपीआयने पैसे दिल्याची नोंद तेवढी निघाली. रोख दिले असते तर तीही नसती.

वाचणाऱ्यांपैकी कोणी असा कूलर घेणार असेल, तर खोके आपल्यासमोर फोडून घ्यावे, पट्टीवर कारखान्यातून लावलेली थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता पट्टीत उतरवणारा लेप, अस्पर्शित आहे का ते पाहावे (काही कंपन्या ती वेगळ्या नळीत देतात) आणि सिरियल क्रमांक बिलावर लिहून घेतल्याखेरीज दुकान सोडू नये. त्याहून आधी विचारावे ते हे, की आपल्याला पाण्याचा कूलर हवाच कशाला? माझ्या जुन्या कूलरची जाळी धुळीने आणि मिठाने भरली होती आणि खालची पेस्ट सुकून गेली होती, एवढेच. कोल्हापूरच्या तंत्रज्ञाने तोच कूलर साफ करून, नवी पेस्ट लावून चारशे रुपयांत बसवून दिला. १०५ वॅट वर्गातल्या या प्रोसेसरला तो पुरतो. त्याच माडीवर, काच लावून, तासभराच्या कामात तापमान ७९ अंशांवर थांबते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यानंतर दुकानदाराचा सूर बदलला. खरेदी पाच लाखांच्या आतली असल्याने जिल्हा ग्राहक आयोगात अर्जाला शुल्क लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, हे मला कळले आहे, हेही बहुधा त्याच्या कानावर गेले. त्याने कूलरचे साडेनऊ हजार परत देण्याची तयारी दाखवली. पंचवीस हजारांच्या कार्डाविषयी त्याने अवाक्षर काढले नाही. अट एकच होती, त्याने विकलेला पाण्याचा कूलर त्याला परत द्यायचा. खरपुडी धरलेल्या, राड्याने बुजलेल्या त्या कूलरचे तो काय करणार, हे विचारल्यावर तो नुसता हसला. कूलर मी दिला नाही. तो सध्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात, त्या 'एस्टिमेट'च्या चिठ्ठीसह, माझ्या कपाटात आहे, आणि आयोगाकडे द्यायच्या अर्जात पुरावा म्हणून त्याचाच उल्लेख पहिला केला आहे.