पांढरा जॉन डिअर, विजेवरचा एलेक-ट्रॅक की पिवळा कब कॅडेट?

अमेरिकेत एक-दीड एकराची जागा आहे, गॅरेजचा एक कोपरा मोकळा आहे आणि जुन्या यंत्रांत हात घालायची हौस आहे, असे मराठी लोक आता कमी नाहीत. त्यातल्या बऱ्याच जणांची गाडी कधी ना कधी जुन्या गार्डन ट्रॅक्टरपाशी येऊन थांबते. हे नुसतं गवत कापायचं यंत्र नव्हे. १९६०-७०च्या दशकांतल्या चांगल्या गार्डन ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स बिडाचा असे, मागे नांगर जोडता येई, पुढे बर्फ ढकलायचं पातं लावता येई. आज मॉलमध्ये मिळणाऱ्या पत्र्याच्या लॉन ट्रॅक्टरशी त्याची तुलनाच नको.

आता त्यातला दुर्मीळ कुठला घ्यावा? विकणारा प्रत्येक जण आपला माल दुर्मीळ म्हणूनच विकतो. घेणाऱ्यानं बघायचं ते असं, की हा दुर्मीळपणा यंत्राच्या कुठल्या भागात आहे. रंगात आणि पत्र्यात असेल तर तुमचा पैसा डेंटिंग-पेंटिंगवर जाणार. आतल्या यंत्रणेत असेल तर पैशापेक्षा वेळ जास्त जाणार, कारण पार्ट शोधत बसावं लागणार. आणि दोन्हींत नसेल, तर ट्रॅक्टर मुळात दुर्मीळ नाही, पण तुमच्यासाठी कदाचित तोच बरा. खाली तीन उमेदवार घेतलेत, ते याच हिशेबानं.

पहिला जॉन डिअरचा ‘पॅटिओ’. १९६९ साली विस्कॉन्सिनमधल्या होरिकॉनच्या कारखान्यातून जॉन डिअरनं चक्क हिरवे नसलेले ट्रॅक्टर बाहेर काढले. अंग पांढरं, बॉनेट आणि सीट मात्र पिवळं, केशरी, लाल किंवा निळं, यांतलं जे आवडेल ते. ११०, ११२, १२० आणि १४० या मॉडेलांत हे रंग मिळत. पण जॉन डिअर म्हणजे हिरवा हे गिऱ्हाइकाच्या डोक्यात पक्कं बसलेलं. माल उठेना, तेव्हा कित्येक डीलरांनी तो हिरव्या-पिवळ्यात रंगवून खपवला. १९७१च्या सुमारास कंपनीनंही हा प्रयोग गुंडाळला. जे तेव्हा कुणाला नको होतं, त्याच्यासाठी आज लोक हजारो डॉलर मोजतात.

यातून दोन गोष्टी होतात, आणि दोन्ही घेणाऱ्याच्या कामाच्या. एक, हिरव्या रंगाखाली पॅटिओ लपलेला असू शकतो. दोन, कुठलाही साधा ११० पांढरा-केशरी रंगवून पॅटिओ म्हणून गळ्यात मारता येतो, कारण पत्र्याचा आकार तोच आहे. म्हणून समोरून दिसणारा रंग बघूच नका. सीट उचला आणि बिजागरीच्या पट्टीखाली बघा. मडगार्डच्या आतल्या बाजूला, जिथं चाकाचा चिखल साचून वाळलेला असतो, तिथं ओल्या फडक्यानं पुसून नखानं जरा खरवडा. डॅशबोर्डच्या खांबाच्या आत, वायरी जातात तिथं टॉर्च मारा. नंतर रंगवणारा माणूस इथं कधी नीट पोचत नाही. तिथं वर हिरवा, खाली पांढरा आणि त्याखाली अस्तर असा क्रम दिसला, तर घबाड आहे. वर पांढरा आणि खाली हिरवा दिसला, तर हसून निरोप घ्या. मोकळा पत्रा दिसला, तर कुणीतरी ब्लास्टिंग करून, म्हणजे वाळूचा मारा करून रंग उडवून, पुरावाच घालवलाय. मग भाव साध्या ११०चा द्यायचा, एक डॉलर जास्त नाही.

पॅटिओचं यंत्र मात्र अगदी ओळखीचं आहे. ११०मध्ये आठ हॉर्सपॉवरचं कोहलर के१८१, बऱ्याच ११२मध्ये दहाचं के२४१, वरच्या मॉडेलांत त्याहून मोठी. ही एका सिलिंडरची, हवेवर थंड होणारी बिडाची इंजिनं त्या काळी अर्ध्या धंद्यानं वापरली, त्यामुळे पिस्टन, रिंगा, गॅस्केट सगळं आजही मिळतं. सिलिंडर झिजला असेल तर तो आतून दहा, वीस किंवा तीस हजारांश इंच (०.०१०, ०.०२० किंवा ०.०३०) मोठा, म्हणजे रिबोअर, करून ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा. तीसपर्यंत आधीच गेलेला असेल तर पुढे आत नवी नळी, म्हणजे स्लीव्ह, बसवण्यावाचून गत्यंतर नाही, म्हणून विकणाऱ्याला हे आधी विचारा. बहुतेकांना माहीत नसतं, तरी विचारा.

के२४१ आणि त्यापुढच्या इंजिनांत आणखी एक भानगड आहे. थरथर कमी करायला कोहलरनं आत बॅलन्स गिअर घातले. ते जुने होऊन तुटले की तुकडे क्रॅंकमध्ये सापडतात आणि अख्खा ब्लॉक फुटतो. इंजिन उघडलंच, तर जाणकार हे गिअर काढूनच टाकतात. थरथर थोडी वाढते, ब्लॉक वाचतो. के१८१मध्ये ही कटकटच नाही. मला विचाराल तर पहिल्या रिस्टोरेशनला ११२पेक्षा ११० बरा, तो याचसाठी.

११०-११२चा खरा स्वभाव कळतो तो व्हेरिएटरमध्ये. मध्ये एक फुगणारी-मिटणारी पुली आहे. लिव्हर पुढे-मागे केली की गिअर न बदलता वेग कमी-जास्त होतो. झकास सोय आहे, पण या पुलीचा पिव्हट आणि बुश झिजले की पट्टा तिरका धावतो आणि चढ आला की ट्रॅक्टर दम टाकतो. दुरुस्ती अवघड नाही. फक्त पट्टा मूळ मापाचाच घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला ‘जवळपास तसाच’ पट्टा इथं चालत नाही. आणि बघायला जाल तेव्हा सीट मूळ रंगाचं आहे का ते बघा. रंगीत म्हणून दोनच गोष्टी आहेत, बॉनेट आणि सीट. त्यातलं सीट काळं, बाहेरून बसवलेलं असेल, तर जिच्यासाठी पैसे मोजताय ती गोष्टच अर्धी गेली.

दुसरा उमेदवार अगदी उलट्या जातीचा. जनरल इलेक्ट्रिकनं १९६९ ते १९७५ या काळात न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीत एलेक-ट्रॅक नावाचा संपूर्ण विजेवर चालणारा गार्डन ट्रॅक्टर काढला. सहा व्होल्टच्या सहा लेड-ॲसिड बॅटऱ्या, एकूण छत्तीस व्होल्ट. रात्री घरातल्या एकशेवीस व्होल्टच्या प्लगला लावायचा, सकाळी गवत कापायला काढायचा. पात्यांना इंजिनाकडून पट्टा नाहीच; मोठ्या डेकमध्ये, म्हणजे खालच्या गवत कापायच्या भागात, प्रत्येक पात्याला स्वतःची मोटर. वर छत्तीस व्होल्टचं सॉकेट, त्यावर कुंपण छाटायची कात्री किंवा चेनसॉ चालवायची. वेल्डिंगचं जोडसामानही निघालं होतं. पन्नास वर्षांपूर्वी! आज विजेच्या गाड्यांचं कौतुक करणाऱ्यांना हा ट्रॅक्टर एकदा दाखवावा, असं मला फार वाटतं.

इथं दुर्मीळपणा आत आहे. बाहेरचा पत्रा जाड, सरळ, कुठलाही चांगला फॅब्रिकेटर पुन्हा करून देईल असा. पण कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा मोठा स्विच), वेग बदलायचे रेझिस्टर, कंट्रोलचं कार्ड, मोटरी या गोष्टी कुठल्या दुकानात जाऊन मिळत नाहीत. दुसरा मेलेला एलेक-ट्रॅक शोधून त्याच्यातून काढाव्या लागतात. म्हणूनच ज्यांच्याकडे एक आहे, त्यांच्याकडे बहुधा तीन असतात: एक चालणारा, दोन सुटे करायला. बायकोला, किंवा नवऱ्याला, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

बघायला जाताना बॅटऱ्या मेलेल्याच असणार हे धरून चला. त्यांचं दुःख करू नका, उलट भाव पाडून घ्यायला तेच कारण सांगा. गोल्फ कार्टला लागतात त्या सहा व्होल्टच्या बॅटऱ्या चालतात. एकीला साधारण दीडशे ते दोनशे डॉलर पडतात, म्हणजे सहांचे हजारभर. एकेकीचं वजन अठ्ठावीस किलोच्या आसपास, म्हणजे बॅटऱ्यांचंच वजन १७० किलोच्या घरात जातं. लिथियम आयर्न फॉस्फेटचे बारा सेल लावून हेच काम होतं, पण मग मूळचा चार्जर बाजूला ठेवावा लागतो आणि मागच्या चाकांवरचा भार कमी होतो. नांगरायचं असेल तर तो भार हवाच असतो.

खरी तपासणी बॅटरीच्या ट्रेची. पन्नास वर्षं ॲसिडचे शिंतोडे खाल्लेला लोखंडी ट्रे खालून पापुद्रे सोडतो. टोच्यानं दाबून बघा. आरपार गेला तर फ्रेमपर्यंत गंज पोचलाय का तेही बघा. मग केबलची टोकं. लगपाशी, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीपाशी, रबर फुगलेलं आणि आतलं तांबं हिरवट पडलेलं असेल, तर सगळ्या केबल बदलायच्या. सोबत कामचलाऊ बॅटऱ्या नेऊन छत्तीस व्होल्ट जोडता आले, तर किल्ली फिरवल्यावर कॉन्टॅक्टरचा ‘टक्’ ऐकू यायला हवा. तो आला तर निम्मं काम झालं. पात्यांच्या मोटरी हातानं फिरवून बघा: आतून काहीतरी घासल्याचा, अडखळल्याचा आवाज आला, तर आतली मॅग्नेट गोंद सुटून निघालीत. ती परत चिकटवता येतात. पण त्या नादात चुकून एखादं उलट्या ध्रुवानं बसलं तर मोटर चालत नाही, म्हणून काढण्याआधी खुणा करून ठेवा.

तिसरा, कब कॅडेट. गावाकडे महिंद्राचा बी-२७५ पाहिलेल्यांना इंटरनॅशनल हार्वेस्टर हे नाव नवं नाही. १९६३ साली महिंद्रानं ट्रॅक्टरच्या धंद्यात पाऊल टाकलं ते याच कंपनीच्या भागीदारीत. त्याच इंटरनॅशनलनं केंटकीतल्या लुईव्हिलमध्ये १९६०च्या अखेरीस पहिला कब कॅडेट काढला. सात हॉर्सपॉवरचं कोहलर के१६१, आणि गिअरबॉक्स फार्मॉल कबच्या, म्हणजे शेतातल्या खऱ्या ट्रॅक्टरच्या, वंशातला. १९६३पर्यंत साठ हजारांहून जास्त विकले गेले. मग हा दुर्मीळ कसा? नाहीच. ‘ओरिजिनल’ म्हणून संग्राहक त्याच्या मागे असतात, तरी तुमच्या राज्यात बहुधा चार-पाच आत्ताही विकायला असतील, काहीशे डॉलरला.

आणि तरीही नव्या माणसाला मी यालाच आधी बघायला सांगतो. पार्ट बनवणारे आणि विकणारे इतके आहेत, की सकाळी यादी करावी आणि आठवड्यात खोकी दारात. ओरिजिनलमध्ये इंजिनाकडून मागे ताकद जाते ती पट्ट्यानं. १९६३नंतरच्या ७० आणि १०० मॉडेलांत थेट शाफ्ट आला. शोभेला ठेवायचा तर ओरिजिनल, काम करायचं तर ७० किंवा १००. बघताना स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवून चाक हलायच्या आधी किती रिकामं फिरतं ते बघा, आणि पुढचा ॲक्सल हातानं उचलून मधली पिन किती ढिली झालीय ते तपासा. दोन्ही दुरुस्त होतं, पण दोन्ही भाव पाडून घ्यायला उपयोगी.

इंजिन तिन्हींपैकी दोघांत कोहलरचंच, म्हणून एक सूचना दोघांनाही लागू. कॉम्प्रेशन गेज लावून आकडा कमी आला म्हणून घाबरू नका. स्टार्ट करणं सोपं जावं म्हणून यातल्या बऱ्याच इंजिनांच्या कॅमवर कॉम्प्रेशन सोडणारी यंत्रणा आहे, त्यामुळे गेज खोटं बोलतं. लीकडाउन टेस्ट करा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ती किती गळते ते मोजा. इंजिन गरम करून निळा धूर येतो का बघा, आणि ठिणगी पाडणाऱ्या इग्निशन पॉइंटचं अंतर वीस हजारांश इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर आहे का ते आधी नीट करा. ‘इंजिन गेलंय’ म्हणून विकले जाणारे कितीतरी ट्रॅक्टर नुसते पॉइंट आणि कंडेन्सर बदलून चालू होतात.

तिघांना शेजारी उभं केलं तर हिशेब असा लागतो. पॅटिओ विकत घ्यायला महाग; पण त्याचं यंत्रकाम सोपं आहे, आणि पुढे विकायचा झाला तर पैसे परत येण्याची शक्यता तिघांत सर्वांत जास्त, मूळ पांढऱ्या रंगाचा पुरावा तुम्ही फोटोंसकट जपला असेल तर. म्हणजे सुट्टं करताना रोज फोटो काढा, रंग खरवडायच्या आधी. एलेक-ट्रॅक विकत घ्यायला स्वस्त आणि उभा करायला महाग; त्यात घातलेले पैसे परत येतील अशी आशा ठेवू नका. ज्याला मल्टिमीटर हातात धरायला आवडतं, वायरिंगचा नकाशा भिंतीवर चिकटवून त्याच्यासमोर संध्याकाळ घालवायला आवडते, त्यानंच घ्यावा. शेजारच्यांना आवाजाचा त्रास नाही, हा मात्र त्याचा मोठा गुण. रविवारी सकाळी सात वाजता गवत कापलंत तरी कुणी तक्रार घेऊन येत नाही. कब कॅडेट सगळ्यांत कमी कौतुकाचा आणि सगळ्यांत आधी चालू होणारा.

घरी लहान मुलं असतील तर आणखी एक. त्या काळच्या रंगांत शिसं असू शकतं. कोरडं सँडिंग गॅरेजमध्ये करू नका. ओलं करून घासा, मास्क लावा, किंवा पत्रा सुटा करून बाहेर ब्लास्टिंगला द्या.

आणि पॅटिओच घ्यायचं ठरवलंत, तर गाडीला ट्रेलर जोडायच्या आधी विकणाऱ्याकडून सीटखालच्या बिजागरीचा फोटो मागवा. फोटो द्यायला त्यानं टाळाटाळ केली, तर त्या शनिवारी काहीशे डॉलर घेऊन जवळपासचा कब कॅडेट बघायला जा.