स्काडातली त्रुटी: पॅच आधी की वायर आधी?

सप्लायरचा मेल येतो: तुमच्या स्काडाच्या (प्लांटमधली यंत्रं स्क्रीनवरून बघायच्या-चालवायच्या सॉफ्टवेअरच्या) आवृत्तीत गंभीर त्रुटी सापडली आहे, स्कोअर 10 पैकी 9.8, पॅच (दुरुस्तीचा अपडेट) टाका. आयटीवाले म्हणतात, आजच टाकू. प्रॉडक्शनवाले म्हणतात, दिवाळीच्या शटडाऊनपर्यंत त्या पीसीला कुणी हात लावायचा नाही. मधे सापडतो इन्स्ट्रुमेंटेशनवाला, म्हणजे प्लांटची मोजमापाची आणि नियंत्रणाची उपकरणं सांभाळणारा. त्या जागी मी बरीच वर्षं काढली आहेत. पर्याय दोनच असतात: पॅच टाकणं, नाहीतर पॅच न टाकता ते मशीन बाकी जगापासून तोडणं, म्हणजे वायर काढणं.

पॅचची बाजू भक्कम, कारण भोक खरंच बुजतं. 12 मे 2017 ला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा मालवेअर विंडोजच्या ज्या भोकातून पसरला, त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिला होता. जूनअखेर नॉटपेट्या या दुसऱ्या मालवेअरने तेच भोक वापरलं आणि इथे न्हावा-शेव्याच्या बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. पण नॉटपेट्या पासवर्ड चोरूनही शेजारच्या मशीनवर उडी मारायचा. एकाच नेटवर्कवर सगळं असेल, तर पॅच टाकलेलं मशीनही सुटेलच असं नव्हतं.

प्लांटमध्ये पॅचची खरी किंमत मात्र वेगळीच मोजावी लागते. मायक्रोसॉफ्टने डीकॉमचे (विंडोजमधले प्रोग्रॅम नेटवर्कवरून एकमेकांशी बोलतात त्या पद्धतीचे) सुरक्षा नियम टप्प्याटप्प्याने कडक करत मार्च 2023 मध्ये सक्तीचे केले. जुनं ओपीसी, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं आणि सॉफ्टवेअर ज्यातून एकमेकांना आकडे देतात ते, डीकॉमवरच चालतं. आमच्याकडे रविवारी अपडेट टाकला आणि सोमवारी पहिल्या शिफ्टला हिस्टोरियनचे (आकडे साठवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) सगळे टॅग, म्हणजे एकेका मापाच्या नोंदी, ‘बॅड’. रिअ‍ॅक्टर चालू, पॅनेलच्या इंडिकेटरवर तापमान दिसतंय, पण स्क्रीनवर ट्रेंडची रेघ सरळ आडवी. ऑपरेटरने दर 15 मिनिटांनी लॉगबुकात आकडे लिहून बॅच काढली. त्रुटी बुजली होती, पण हे त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं?

आता तोडण्याची बाजू. मॉडबस, म्हणजे प्लांटमधली उपकरणं एकमेकांशी बोलतात ती भाषा, 1979 ची. तिच्या मूळ रूपात पासवर्ड हा प्रकारच नाही. नेटवर्कवरून तिच्या 502 पोर्टपर्यंत जो पोचला, तो सेटपॉइंट (यंत्राने गाठायचा आकडा) लिहू शकतो. घडणच तशी आहे, तिथे पॅच कशाला लावणार? नोव्हेंबर 2023 मध्ये अमेरिकेत अलिक्विपा शहराच्या पाणीपुरवठ्यातला युनिट्रॉनिक्स कंपनीचा पीएलसी (यंत्रं चालवणारा छोटा संगणक) हल्लेखोरांनी ताब्यात घेतला. या पीएलसींचा कंपनीतून आलेला पासवर्ड 1111, आणि कितीतरी थेट इंटरनेटवर उघडे. तिथल्या कर्मचाऱ्यांनी पंप हाताने चालवून पाणी सुरू ठेवलं. उलट 2019 मध्ये कुडनकुलमच्या अणुवीज केंद्रात मालवेअर शिरला तो, केंद्र चालवणाऱ्या एनपीसीआयएल या सरकारी कंपनीच्या म्हणण्यानुसार, प्रशासकीय नेटवर्कवरच्या पीसीत. प्लांटचं नेटवर्क वेगळं असल्याने तिथवर पोचला नाही.

मात्र ‘आमचं स्काडा इंटरनेटला नाही’ हे वाक्य मीही एकदा ऑडिटरला ऐकवलंय. त्याने पॅनेल उघडायला लावलं. पीएलसीच्या बाजूला चिमुकला फोरजी राउटर, हिरवा दिवा लुकलुकतोय. लॉकडाऊनमध्ये घरून सपोर्ट देता यावा म्हणून इंटिग्रेटरने (स्काडा बसवून देणाऱ्या कंत्राटदाराने) बसवलेला. रिचार्ज इमानेइतबारे आमच्याच किरकोळ खर्चातून होत होता.

आणि राउटर नसला तरी पेन ड्राइव्ह असतोच. इराणमधल्या नतान्झ अणुकेंद्राची यंत्रणा इंटरनेटला नव्हती, तरी स्टक्सनेट हा मालवेअर शिरलाच. सीमेन्सच्या विनसीसी या स्काडात डेटाबेसचा पासवर्ड आतच पक्का बसवलेला होता, तो त्याने वापरला. 2010 मध्ये हे उघड झाल्यावर कंपनीने ग्राहकांना सांगितलं काय, तर पासवर्ड बदलू नका, प्लांटच्या कामात बिघाड होईल!

माझा कौल वायरीकडे, निदान पहिल्या दिवशी तरी. 9.8 हा स्कोअर सॉफ्टवेअरचा असतो, तुमच्या प्लांटचा नाही. आधी दोनच गोष्टी बघा: लॉगिन न करता नेटवर्कवरून आत शिरता येतं का, आणि सीसा या अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीत ही त्रुटी हल्लेखोरांच्या प्रत्यक्ष वापरात असल्याची नोंद आहे का. दोन्हीला ‘हो’ असेल तर त्याच दिवशी रिमोटचे सगळे रस्ते बंद. साहेबांना मोबाइलवर आकडे हवे असतील, तर मधल्या सर्व्हरवर फक्त वाचता येईल अशी प्रत द्या. स्काडाच्या पीसीवर रिमोट डेस्कटॉप कुणालाच नको.

विंडोजला अजून सपोर्ट असेल आणि स्काडा कंपनीने तो पॅच तपासून मंजूर केला असेल, तर तो शटडाऊनमध्ये टाकाच. आधी डिस्कची पूर्ण इमेज काढा, सुट्या पीसीवर आठवडाभर चालवून बघा. फार्मावाल्यांना वर व्हॅलिडेशनची (यंत्रणा अपेक्षेप्रमाणे चालते हे सिद्ध करायची) कागदपत्रं, त्यांनी वेळ जास्तच धरावा. विंडोज 7 वर चालणारं, डोंगलवालं (लायसन्सची यूएसबी चावी लागणारं) जुनं स्काडा असेल, तर पॅचच्या मागे लागण्यात अर्थ नाही. मधे फायरवॉल, डोंगलचा सोडून बाकी यूएसबी पोर्ट बंद, आणि नव्या पीसीसाठी बजेटची फाइल आजच पुढे सरकवा.

राउटर अजून पॅनेलमध्येच आहे, सिम माझ्या ड्रॉवरमध्ये. इंटिग्रेटरला लागलं की तो फोन करतो, मी सिम घालतो, काम होईपर्यंत तिथेच उभा राहतो आणि काढून आणतो.