‘द बॉइज’ : सुपरहिरोंच्या आडून चाललेला धंदा

‘द बॉइज’ हे नाव आपल्याकडे बहुतेकांना ॲमेझॉन प्राइमवर २०१९ मध्ये सुरू झालेल्या वेब मालिकेमुळे ठाऊक झाले. मूळ कॉमिक्स मात्र त्याच्या बरीच आधीची. उत्तर आयर्लंडचा लेखक गार्थ एनिस आणि अमेरिकन चित्रकार डॅरिक रॉबर्टसन यांनी ती २००६ मध्ये सुरू केली, तीही सुपरमॅन आणि बॅटमॅन ज्यांच्या घरचे, त्या डीसीच्या वाइल्डस्टॉर्म या शाखेतून. सुपरहिरोंची इतकी निर्दय टिंगल त्या घरात फार दिवस खपणे शक्यच नव्हते. सहा अंकांनंतर डीसीने मालिका थांबवली, हक्क मात्र निर्मात्यांना परत दिले. पुढे डायनामाइट एंटरटेनमेंटने ती उचलली आणि २०१२ मध्ये ७२व्या अंकाला तिची सांगता झाली. एका प्रकाशकाने हात झटकल्यावर मालिका बोथट होईल अशी कुणाची अपेक्षा असेल, तर ती सपशेल चुकीची ठरली.

कथेची सुरुवातच वाचकाची परीक्षा पाहणारी आहे. ह्यूई हा साधासुधा स्कॉटिश तरुण आपल्या प्रेयसीचे, रॉबिनचे, दोन्ही हात हातांत धरून उभा असतो. त्याच क्षणी ए-ट्रेन नावाचा वेगवान सुपरहिरो कुणाशी तरी झुंजत तिथून जातो आणि त्या दणक्यात रॉबिन भिंतीवर चिरडली जाते. ह्यूईच्या हातांत उरतात ते फक्त तिचे हात. हा प्रसंग केवळ किळस आणण्यासाठी रेखाटला आहे असे प्रथमदर्शनी वाटते, पण रॉबर्टसनने पुढच्या चौकटींमध्ये ह्यूईच्या चेहऱ्यावर जी बधिरता पकडली आहे, ती पाहिल्यावर मालिकेचा सगळा रोख कळून चुकतो. अशा लढायांची भव्य चित्रे काढणाऱ्या कॉमिक्समध्ये रस्त्यावरच्या ज्या माणसाचा विचार कुणी करत नाही, त्याच माणसाच्या जागी एनिस आपल्याला उभे करतो. (ह्यूईचा चेहरा रॉबर्टसनने सायमन पेग या इंग्रज अभिनेत्यावरून घेतला होता आणि वेब मालिकेत पेग ह्यूईचा बाप झाला, हा योग वाचकांना गंमत वाटावी असाच आहे.)

ह्यूईला हेरणारा बिली बुचर हा सीआयएच्या आश्रयाने चालणाऱ्या ‘बॉइज’ नावाच्या एका लहानशा टोळीचा म्होरक्या आहे. सुपरहिरोंवर पाळत ठेवायची, त्यांची लफडी जमवायची, त्या जोरावर त्यांना वठणीवर आणायचे आणि तेवढ्याने भागले नाही तर सरळ हाणायचे, हे या टोळीचे काम. वेब मालिकेच्या प्रेक्षकांना येथे एक धक्का बसेल. कॉमिक्समधल्या टोळीच्या अंगातही सुपरहिरो घडवणारे ‘कम्पाउंड व्ही’ हे रसायन भिनलेले आहे. त्यामुळे ‘दुबळ्यांचा बलाढ्यांशी लढा’ हा सोयीस्कर दिलासा येथे मिळत नाही. बुचरचा द्वेष हळूहळू ज्या थराला जातो तो पाहता, शक्ती कुणाच्या हाती आहे एवढ्यावरून चांगले-वाईट ठरवता येत नाही, हे एनिस कुठेही भाषण न देता दाखवतो.

तरीही या मालिकेचा खरा खलनायक सुपरहिरोंमधला सर्वांत बलाढ्य असा होमलँडर नाही आणि बुचरही नाही. खरा खलनायक आहे ‘व्हॉट-अमेरिकन’ ही कंपनी. लष्कराला माल विकणाऱ्या या कंपनीला सुपरहिरो हे संरक्षण खात्याच्या गळ्यात बांधायचे आणखी एक उत्पादन वाटते, आणि ते उत्पादन सदोष आहे हे तिला पक्के माहीत आहे. कंपनीचा प्रतिनिधी स्टिलवेल हे माझ्या मते संपूर्ण मालिकेतले सर्वांत भयंकर पात्र आहे. तो कधी आवाज चढवत नाही, घाबरत नाही, चिडत नाही. ज्याच्या एका फटक्याने आपला चेंदामेंदा होईल, त्या होमलँडरसमोरही तो पुढच्या तिमाहीचे आकडे सांगावेत अशा सुरात बोलतो. रक्तमांसाने बरबटलेली पाने विसरली जातात. या माणसाची बैठकीतली शांत वाक्ये मात्र विसरता येत नाहीत.

या कंपनीचा इतिहास ह्यूईला सांगणारा ‘लेजंड’ हा म्हातारा एका कॉमिक्सच्या दुकानाच्या तळघरात, जुन्या अंकांच्या थप्प्यांमध्ये राहतो. सुपरहिरोंची खरी कुकर्मे झाकून त्यांच्या शौर्याच्या खोट्या कथा छापणे हा एकेकाळी त्याचा पोटापाण्याचा धंदा होता. कॉमिक्सच्या पोटातच कॉमिक्स-धंद्यावर केलेली ही टीका मार्मिक आहे. त्याने सांगितलेला ११ सप्टेंबर २००१चा वृत्तान्त, म्हणजे १९ ते २२ या अंकांतला भाग, मालिकेचा कळस म्हणावा लागेल. या जगात अपहृत विमान ब्रुकलिन पुलावर आदळते, कारण ते वाचवायला निघालेल्या ‘सेव्हन’ या सर्वांत नावाजलेल्या चमूने कधी बचावाचा सरावच केलेला नसतो. त्यांना येते ते फक्त कॅमेऱ्यासमोर उभे राहणे. उडता येणे आणि विमान थांबवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सुपरहिरोंच्या इतक्या वर्षांच्या परंपरेत इतक्या स्वच्छपणे क्वचितच कुणी सांगितले असेल. येथे विनोद जवळजवळ नाही आणि म्हणूनच हा भाग अंगावर येतो.

एनिसला सैनिकांविषयी मनापासून आदर आहे; युद्धकथा हा त्याच्या लेखनाचा दुसरा मोठा प्रांत आहे. बॉइजची स्थापना करणारा मॅलरी १९४४च्या आर्देनच्या लढाईतली हकिगत सांगतो, तेव्हा हा आदर स्पष्ट दिसतो. प्रसिद्धीसाठी आघाडीवर आणलेल्या सुपरहिरोंच्या उथळपणापायी त्याच्या जवानांची जी दशा होते, ती वाचताना एनिसचा राग कुठून येतो हे उमगते. थट्टेच्या मुळाशी खरी चीड असली की ती टिकते.

दुर्दैवाने ७२ अंकांत ती चीड सर्वत्र सारखी नाही. सुपरहिरो म्हणजे विकृत, लंपट आणि भेकड हे एकदा ठसल्यावर दर दोन-तीन अंकांनी तेच नव्याने सिद्ध करण्याचा हव्यास एनिसला आवरत नाही. ‘हीरोगॅझम’ ही २००९ची सहा अंकी उपमालिका तर बव्हंशी एकाच अश्लील विनोदाचा पसारा आहे. समलिंगी पात्रांवरचे काही विनोद आज वाचवत नाहीत. ते तेव्हाही फारसे चतुर नव्हते. टोळीतल्या एकमेव स्त्रीला नाव नाही आणि आवाजही नाही. वेब मालिकेने तिला किमिको हे नाव आणि स्वतःची गोष्ट दिली, हा बदल मला निःसंशय सुधारणा वाटतो. स्टारलाइट या नवख्या सुपरहिरो तरुणीवर ‘सेव्हन’मध्ये प्रवेश करतानाच जी लैंगिक जबरदस्ती होते, तिचे चित्रण संतापजनक असायला हवे, ते तसे आहेही, पण लेखक अधूनमधून त्याच प्रसंगाचा विनोदासाठीही वापर करतो आणि तेथे तोल जातो. याउलट एक्स-मेनचे विडंबन असलेल्या ‘जी-मेन’ प्रकरणात, मुलांना पळवून वाढवणाऱ्या गोडोल्किनची कथा उघडी पडते आणि कंपनी ज्या थंडपणे तिचा निकाल लावते, तेथे अश्लीलता आणि भीषणता यांचा मेळ अचूक बसला आहे.

चित्रांबद्दल बोलायचे तर रॉबर्टसनच्या पानांना सुरकुत्या, घाम आणि शहरी मळ यांचा स्पर्श आहे. त्याचे सुपरहिरो चकचकीत पोशाखातही कुठेतरी ओशट दिसतात. पुढे जॉन मॅक्रिया, रस ब्राउन आदी चित्रकार आले; त्यांपैकी ब्राउनने चेहऱ्यांवरचे भाव सर्वांत चांगले सांभाळले, काही मधले अंक मात्र घाईत उरकल्यासारखे वाटतात.

इतक्या चिखलात ह्यूई आणि ॲनी यांची सेंट्रल पार्कमधल्या बाकावर होणारी ओळख अगदी निर्मळ आहे. ती स्टारलाइट आहे हे त्याला ठाऊक नाही, तो बॉइजपैकी आहे हे तिला ठाऊक नाही. एनिसला कोवळे संवाद किती सहज लिहिता येतात याचा विसर पडला असेल, तर हीच पाने पुन्हा उघडावीत.

ही मालिका मुलांच्या हाती पडू नये, हे वेगळे सांगायला नको. मुखपृष्ठावरचे रंगीबेरंगी पोशाख पाहून एखादा काका भाच्याला वाढदिवसाला देऊन मोकळा होईल, एवढीच धास्ती. प्रौढ वाचकाने आधी सहापैकी पहिला ऑम्निबस, म्हणजे अनेक अंक एकत्र बांधलेला, खंड घ्यावा. तो वाचून शिसारीच अधिक आली, तर पुढे जाण्याचा अट्टहास करू नये. पुढे गेलात, तर ‘हीरोगॅझम’ वगळले तरी फारसे अडत नाही, पण बुचरचे पूर्वायुष्य सांगणारी ‘बुचर, बेकर, कँडलस्टिकमेकर’ ही उपमालिका मात्र शेवटाआधी वाचलीच पाहिजे. २०२० मध्ये आलेली ‘डिअर बेकी’ ही आठ अंकी पुरवणी चाहत्यांपुरती ठीक आहे. मूळ कथेचा शेवट तिच्यावाचून अपुरा वाटत नाही.