लाखांदूर रस्त्यावरील माशांचे दुकान : पैदास करणाऱ्याच्या नजरेतून

भंडारा आणि गोंदिया हे तलावांचे जिल्हे म्हणून ओळखले जात असले, तरी हौसेने शोभिवंत माशांची पैदास करणाऱ्याला इथे चांगली जोडी मिळणे कठीण जाते. नागपूरच्या दुकानांत माल भरपूर असतो, पण त्यातील बराचसा कोलकाता किंवा चेन्नईकडून पिशव्यांत बंद होऊन आलेला असतो. वाटेत दोन-तीन ठिकाणचे पाणी पाहिलेला असा मासा आपल्या बोअरच्या जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्यात पडला की तो पिल्ले देणे दूरच, पंधरवडाही काढत नाही. साकोलीहून लाखांदूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, धानाच्या बांध्यांना लागून, पत्र्याच्या दोन खोल्यांत जे दुकान चालते, ते या अडचणीवर चांगला उपाय ठरते. दुकानाला नाव नाही. पाटीवर ‘मासे, गळ, पक्षी’ एवढेच रंगवलेले आहे. माझे मत आधीच सांगतो : पैदाशीचे मासे घ्यायचे असतील तर नागपूरची गाडी पकडण्याआधी इथे जावे, गळाचे सामान गरजेपुरते घ्यावे, आणि पक्षी मात्र उन्हाळ्यात मुळीच घेऊ नयेत.

दुकानाची खरी ताकद मागच्या खोलीत आहे. तिथे सिमेंटच्या टाक्या, काचेच्या पेट्या आणि फ्रीजचे जुने डबे अशा सगळ्यांतून मालक स्वतः गप्पी, मोली, फायटर आणि एंजल यांची पैदास करतात. प्रत्येक पेटीवर चिकटपट्टी लावून त्यावर पिल्लांची जन्मतारीख आणि आईबापांची पेटी कोणती हे लिहिलेले असते. साध्या घरगुती पेटीसाठी मासे नेणाऱ्याला या चिठ्ठीचे महत्त्व वाटणार नाही, पण पैदास करणाऱ्याला नेमके तेच हवे असते. वय कळले की जोडी केव्हा लावायची ते ठरवता येते, आणि आईबाप कळले की सख्ख्या भावंडांची जोडी टाळता येते.

गप्पीच्या बाबतीत ही शिस्त विशेष मोलाची आहे. गप्पीची मादी अंडी न घालता थेट पिल्ले देते, साधारण चार आठवड्यांत एक वेत होते, आणि एकदा नराचा संग झाला की ती ते बीज शरीरात साठवून पुढे कित्येक महिने नराशिवायही पिल्ले देत राहते. त्यामुळे नर-माद्या एकत्र ठेवलेल्या पेटीतून आपण सुंदर मादी आणली आणि घरी तिच्याजवळ निवडक नर सोडला, तरी पुढची दोन-तीन वेते कोणाची हे कोणीच सांगू शकत नाही. या दुकानात पिल्ले तीन-चार आठवड्यांची होताच, नराच्या पोटाखालचा पर टोकदार होऊ लागण्याच्या सुमारास, नर आणि माद्या वेगळ्या केल्या जातात. ज्या पेटीची विलगणी उशिरा झाली असेल, तिच्यातील माद्या पैदाशीसाठी विकल्या जात नाहीत. मागच्या हिवाळ्यात मी निळ्या शेपटीची जोडी मागितली, तेव्हा मालक म्हणाले, “नर घेऊन जा जी, पण या पेटीतली मादी मी देत नाही, तिचा भरवसा नाही.” पैसे समोर असताना असे सांगणारा दुकानदार मला नागपूरलाही भेटलेला नाही.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य विभागाने गप्पी मासे गावोगावच्या टाक्यांत, डबक्यांत आणि विहिरींत सोडले आहेत. ते मासे काटक आहेत आणि आपले काम चोख करतात, पण निवडून वाढवलेल्या जातीत त्यांतील एखादा नर शिरला की पुढच्या पिढीत शेपटीचा आकार आणि रंग दोन्ही बिघडतात. म्हणून बाहेरच्या हौदातून अळ्या गाळून आणतानासुद्धा मालक त्या आधी पांढऱ्या घमेल्यात ओतून, गप्पीचे एखादे पिल्लू आले नाही ना, हे पाहून मगच पेटीत टाकतात.

फायटरची निगा पाहण्यासारखी आहे. नर पाण्याच्या पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो, मादीने सोडलेली अंडी तोंडाने उचलून त्यात ठेवतो आणि दीड दिवसाच्या आसपास ती फुटेपर्यंत, व त्यानंतर पिल्ले आडवी पोहू लागेपर्यंत, राखण करतो. खाली पडलेले पिल्लू तो पुन्हा तोंडात घेऊन घरट्यात नेऊन ठेवतो. अंडी घालून झाली की मादीला काढावे लागते, नाहीतर तोच नर तिचे पर फाडतो. दुकानात हे सारे उथळ पाण्याच्या पसरट डब्यांत चालते, वीतभरापेक्षा कमी पाणी असते, वर झाकण असते आणि पाण्यात देशी बदामाचे एक वाळलेले पान तरंगत असते. त्या पानातील टॅनिनमुळे पाणी चहासारखे तांबूस होते, थोडे आम्लाकडे झुकते आणि अंड्यांवर बुरशी धरण्याचा धोका कमी होतो. नागपुरात हीच पाने पाकिटात बांधून विकली जातात. इथे मालकांनी मला शाळेच्या आवारात गळून पडलेली, फवारणी न झालेली पाने धुऊन, वाळवून वापरा असे सांगितले आणि विकायला काही पुढे केले नाही. विक्रीसाठी फायटर काढताना ते जाळी वापरत नाहीत, कारण लांब पर जाळीच्या धाग्यांत अडकून फाटतात. स्टीलची वाटी हळूच माशाखाली सरकवून पाण्यासकट तो उचलला जातो.

पिल्लांच्या खाद्याबाबत या दुकानाकडून मला सर्वांत जास्त फायदा झाला. फायटरची नवी पिल्ले इतकी बारीक असतात की आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील बारीक कोळंबीसारख्या जीवाची पिलेही त्यांना पहिले दोन-तीन दिवस मोठी पडतात, त्या वेळी पाण्यातील सूक्ष्म जीव लागतात. पूर्व विदर्भ धानाचा मुलूख असल्याने तणस, म्हणजे भाताचा पेंढा, फुकट मिळते. मूठभर तणस उकळून, ते पाणी थंड करून त्यात जुन्या पेटीचे थोडे पाणी मिसळून सावलीत ठेवले, की काही दिवसांत आधी ते गढूळ होते आणि मग निवळू लागते. ते निवळताना काचेच्या पेल्यात घेऊन उजेडासमोर धरले तर धुळीसारखे हलणारे ठिपके दिसतात, ते दिसू लागले की खाद्य तयार झाले असे समजावे. आर्टेमियाची अंडी दुकानात लहान पुड्यांत सुटी मिळतात. दर डब्याच्या मानाने चढा आहे, पण हौशी माणसाचा उघडलेला डबा दमट हवेने वाया जातो, त्यापेक्षा पुडी परवडते. साध्या खडे मिठाच्या खारट पाण्यात, हवा चालू ठेवून, सुमारे २८ अंश तापमानाला ती एका दिवसात फुटतात, हे मालक स्वतः करून दाखवतात.

पाण्याविषयीही ते खरे सांगतात. इथले बोअरचे पाणी जड आहे, आणि मोली व गप्पी यांना ते मानवते. एंजलची वाढलेली जोडी याच पाण्यात खाऊन-पिऊन ठीक राहते, पण अंडी फुटण्याचे प्रमाण मऊ पाण्यात चांगले येते, म्हणून मालक पावसाळ्यात, पहिल्या काही सरी वाया जाऊ देऊन, छपराचे पाणी टाकीत धरून ठेवतात आणि पैदाशीच्या पेटीत ते बोअरच्या पाण्यात मिसळतात. ज्यांच्याकडे नळयोजनेचे क्लोरीन घातलेले पाणी येते, त्यांना ते एक दिवस उघडे ठेवायला सांगतात किंवा सोडियम थायोसल्फेटचे खडे देतात.

उन्हाळ्याची तयारी हा आपल्याकडचा सर्वांत कठीण भाग आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, पेटीतील पाणीही तापते, आणि पाणी जितके गरम तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो, आणि नेमकी त्याच दुपारी वीज जाते. फायटर थेट हवेत श्वास घेऊ शकत असल्याने तरून जातो, एंजल आणि गोल्डफिश मात्र वर येऊन तोंड उघडू लागतात. दुकानात सगळ्या स्पंज फिल्टरना एकाच मोठ्या पंपाने हवा दिली जाते आणि तो पंप इन्व्हर्टरवर आहे. ग्राहकांसाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप ठेवलेला असतो, आणि तो घेतल्याशिवाय एप्रिलनंतर एंजल नेऊ नका, असे मालक स्पष्ट सांगतात. मासे बांधून देताना पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग प्राणवायू भरला जातो, वर ओला पंचा गुंडाळला जातो, आणि उन्हाचा प्रवास असेल तर जुनी थर्माकोलची पेटी दिली जाते, जी परत केली की तिची ठेव परत मिळते.

एक दोष मात्र मला खटकतो आणि तो मी मालकांना तोंडावरही सांगितला आहे. दर्शनी खोलीत नागपूरहून आणलेला माल असतो, ऑस्कर, टायगर बार्ब, शार्क नावाने विकले जाणारे पेटीतले मासे वगैरे. तो आणि घरची पैदास वेगळ्या रांगांत असली, तरी दोन्हीकडे जाळी एकच फिरते. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग अशाच ओल्या जाळीतून एका पेटीतून दुसरीत जातो. पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याची एक बादली मध्ये ठेवून जाळी तीत बुडवत जाणे, निदान दोन वेगळ्या जाळ्या ठेवणे, हे खर्चाचे काम नाही. तोवर इथून आणलेला मासासुद्धा घरच्या मुख्य पेटीत टाकण्यापूर्वी दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा. दर्शनी खोलीतील माल पैदाशीसाठी घेण्यात मला अर्थ वाटत नाही. मोठे झालेले मासे सांभाळणे झेपत नसेल तर ते गावच्या तलावात सोडू नका, परत आणून द्या, असे मालक प्रत्येकाला बजावतात, ही गोष्ट मात्र मनापासून कौतुकाची आहे. पेटी साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकरमासा देशात अनेक जलाशयांत शिरून बसला आहे आणि तिथल्या मच्छीमारांची जाळी व मासळी दोन्हींचे नुकसान करतो.

गळाच्या सामानाबद्दल थोडक्यात सांगतो. बांबूच्या सरळ काठ्या, नायलॉनची दोरी, शिसे, तरंगे आणि मापानुसार गळ मिळतात. काठ्या चांगल्या, हलक्या आणि टोकाला लवचीक आहेत. रिळे स्वस्त आहेत आणि तशीच टिकतात. मरळीसाठी आमिषाचा रबरी बेडूक दोन-तीन प्रकारांत ठेवलेला आहे, तलावाच्या गवताळ कडेला तो चांगला चालतो, पण त्याच्यासोबत येणारे गळ बोथट असतात आणि ते बदलावे लागतात. इथे एक गोष्ट मला आवडली : पावसाळ्यात पाण्यावर तांबड्या पिल्लांचा झुबका दिसला की त्याखाली मरळीची जोडी राखणीला असते आणि तेव्हा ती आमिषावर हमखास झेपावते, पण तिला काढले तर पिल्ले उघड्यावर पडतात, हे मालक नव्या पोरांना सामान देताना समजावून सांगतात. कोणता तलाव कोणत्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने आहे आणि तिथे गळ टाकायला कोणाला विचारायचे, हेही त्यांना पाठ आहे.

पक्ष्यांचा विभाग दुकानाची सर्वांत कमकुवत बाजू आहे. लव्हबर्ड म्हणून आपल्याकडे विकले जाणारे बजरीगर आणि थोडे झेब्रा फिंच असतात. पिंजरे दर्शनी पत्र्याखालीच टांगलेले आहेत, आणि एप्रिलच्या दुपारी मी त्यांतील पक्षी चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून दूर धरून बसलेले पाहिले आहेत. ही उष्म्याने बेजार झाल्याची खूण आहे. ओले पोते टांगून आणि पिंजरे मागच्या भिंतीला नेऊन हे टाळता येईल, आणि ते व्हायला हवे. पक्षी घ्यायचेच असतील तर दिवाळीनंतर घ्यावेत. कपाळावरच्या आडव्या रेघा चोचीपर्यंत आलेल्या असतील तर पक्षी कोवळा आहे असे समजावे, आणि मोठ्या पक्ष्यांत चोचीवरचा भाग नराचा निळा व मादीचा तपकिरी असतो, यावरून जोडी ओळखावी. बजरीगरची मादी मटक्यात अंडी घालते आणि सुमारे १८ दिवसांनी पिल्ले निघतात, त्यासाठी लागणारी लहान तोंडाची मटकी दुकानात कुंभाराकडची, चांगल्या भाजणीची मिळतात. राळे आणि समुद्रफेण ताजे असते. पोपट किंवा मुनिया मागणाऱ्याला सरळ नकार मिळतो, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे रानपक्षी पाळता वा विकता येत नाहीत.

दर असे आहेत : साधे गप्पी ४० रुपये जोडी, निवडलेल्या जातीची जोडी १५० रुपये, फायटर नर १२० पासून पुढे, एंजलची लागलेली जोडी ९०० रुपये. लागलेली जोडी म्हणजे दुकानातच एकदा तरी अंडी घातलेली, आणि ज्यावर अंडी घातली ते पान किंवा स्लेटची पाटी मागितल्यास दाखवली जाते. फोनवर मासे राखून ठेवले जात नाहीत. बाजाराच्या दिवशी गर्दी असते आणि मालकांना बोलायला सवड नसते, म्हणून इतर दिवशी सकाळी दहाच्या आत जावे. त्या वेळी खाद्य घालणे चालू असते आणि कोणता मासा झडप घालून खातो व कोणता कोपऱ्यात उभा राहतो, हे आपल्या डोळ्यांनी पाहून निवड करता येते.