सात महिने टू-पीस पिशवी वापरून, दुसऱ्या ऑपरेशनच्या तोंडावर

एप्रिलमध्ये पुण्यात माझं गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. कॅन्सरचा भाग काढून आतडं आतून जोडलं, तो जोड खूप खाली होता. तो नीट भरून यावा म्हणून लहान आतड्याचा एक वेढा उजव्या बाजूला पोटावर काढून ठेवला. त्याला लूप आयलिओस्टॉमी म्हणतात, आणि पोटावर उघडणाऱ्या आतड्याच्या त्या तोंडाला स्टोमा. मळ तिथूनच पिशवीत येतो. मग केमो सुरू झाली, ती ऑक्टोबरात संपली. आता ते आतडं जोडून आत ठेवायचं ऑपरेशन पंधरा दिवसांवर आलंय. या सात महिन्यांत मी ५७ मिमी रिंगची टू-पीस पिशवी वापरली. प्लेट पोटाला चिकटते आणि पिशवी तिच्यावर टिचकन बसते. दुकानदार पिशवीचे गुण सांगतात, पण माझ्या मते सगळं स्टोमासाठी प्लेटला कापायच्या भोकावर अवलंबून आहे.

हॉस्पिटलमधून सोडताना सिस्टरने स्टोमा मोजला, ३८ मिमी भरला. आमच्या ह्यांनी तो आकडा वहीत लिहून घेतला आणि दर वेळी तेवढंच भोक कापत राहिले. ऑपरेशननंतरचे सहा-आठ आठवडे स्टोमाची सूज उतरते, तो लहान होत जातो, हे आम्हाला कुणी नीट समजावलं नव्हतं. मे संपता संपता भोवतीची कातडी लालभडक सोलवटली. लहान आतड्यातून येणाऱ्या पातळ मळात पाचक रस असतात, ते उघड्या कातडीला अक्षरशः खातात. तिखट चोळल्यासारखी आग व्हायची. स्टोमाला बोट लावलं तरी काही दुखत नाही, दुखते ती भोवतीची कातडी. स्टोमा नर्सने पुन्हा मोजलं तेव्हा तो २८ मिमी होता. म्हणजे चारी बाजूंनी पाच-पाच मिलिमीटर कातडी उघडी पडत होती.

त्या दिवसापासून भोक स्टोमापेक्षा जेमतेम एक-दोन मिमी मोठं कापतो. पहिले दोन महिने दर आठवड्याला मोजा, ही माझी कळकळीची विनंती आहे. सोलवटलेल्या जागी स्टोमा पावडर भुरभुरायची आणि जास्तीची झटकून टाकायची, नाहीतर प्लेट धरत नाही. प्लेट हातात धरून कोमट करायची, लावल्यावर तळवा दोन-तीन मिनिटं दाबून ठेवायचा. भेटायला येणाऱ्या बायका खोबरेल तेल लावायला सांगायच्या. मायेने सांगायच्या, पण तेलाच्या कातडीवर प्लेट तासभरही टिकत नाही. नुसतं कोमट पाणी वापरा आणि जागा टिपून पूर्ण कोरडी करा. बदलायची वेळ सकाळी, चहाच्याही आधी. तेव्हा आतडं शांत असतं.

आमच्या साताऱ्याच्या मे महिन्यात प्लेट जेमतेम दोन दिवस टिकायची, पावसाळ्यात मात्र चार दिवस आरामात. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, नाहीतर वजनाने प्लेट ओढली जाते. पिशवीतला गॅस बाहेर सोडणारा फिल्टर पातळ मळाने ओला होऊन पहिल्याच दिवशी बंद पडतो, त्यासाठी जास्त पैसे घालू नका. बेल्ट घ्या, वाकताना मोठा आधार वाटतो. खर्च महिन्याला साडेतीन-चार हजार आला, त्यात प्लेटचाच वाटा मोठा.

साडी नेसणाऱ्यांसाठी एक गोष्ट. माझ्या स्टोमाची जागा ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आखली तेव्हा अंगावर हॉस्पिटलचा गाऊन होता. परकराची नाडी नेमकी प्लेटच्या वरच्या कडेवर येते हे घरी आल्यावर कळलं. तुमची जागा अजून आखायची असेल तर परकर बांधूनच जा, आणि उभं राहून, बसून, वाकून दाखवा. मी आता इलॅस्टिकचा परकर घालते.

जुलैमध्ये केमोच्या गोळ्यांनी जुलाब वाढले. मोजपात्रात दिवसाला दोन लिटरवर भरायला लागलं. मी घाबरून तांब्याच्या तांब्या पाणी प्यायले आणि त्याने उलट आणखी वाहून गेलं. पोटऱ्यांत गोळे आले, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलं, सलाईनसाठी भरती व्हावं लागलं आणि केमो आठवडाभर पुढे गेली. शरीरातून पाण्याबरोबर मीठ जात असतं, नुसत्या पाण्याने ते भरून निघत नाही. ओआरएसचं डब्ल्यूएचओ फॉर्म्युल्याचं पाकीट घ्या. एक लिटरचं पाकीट पूर्ण एका लिटरमध्येच विरघळवायचं, ग्लासात अंदाजे नाही. डॉक्टरांनी जेवणाआधी अर्धा तास लोपेरामाइड, म्हणजे जुलाब कमी करणारं औषध, दिलं. ते स्वतःच्या मनाने घेऊ नका. मऊभात, केळं, पोहे यांनी मळ घट्ट होतो. याच पावसाळ्यात मी भाजलेलं कणीस खाल्लं आणि आतडं तुंबलं. रात्रभर पिशवी कोरडी राहिली, पोटात कळा आल्या, पहाटे हॉस्पिटल गाठलं. मका आणि ओल्या खोबऱ्याचे तुकडे मी तेव्हापासून सोडले.

आता दुसऱ्या ऑपरेशनची तयारी. गुदद्वारातून डाय घालून एक्स-रे झाला. जोड कुठे गळत नाही ना, अरुंद झाला नाही ना, हे त्यात दिसतं. रक्तातलं हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन (प्रथिन), क्रिएटिनीन तपासून झालं. अधूनमधून खालून चिकट शेंबडासारखं पडायचं, त्याने मी घाबरले होते. मळ येत नसला तरी खालचं आतडं आपला स्राव करतच असतं. महिनाभर खालचे स्नायू आवळायचा व्यायाम करते आहे, पाच सेकंद आवळून सोडायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. जोडल्यावर सुरुवातीला दिवसातून अनेकदा जावं लागेल, घाई होईल, हे सर्जननी स्पष्ट सांगितलंय. त्यासाठी झिंक ऑक्साइडचं मलम आणून ठेवलंय.

शेवटच्या भेटीत सर्जननी सगळ्यात आधी प्लेट काढायला लावली. नवा छेद स्टोमाच्या भोवतीच, याच कातडीवर घेणार आहेत. नंतर बटव्याच्या नाडीसारखा टाका ओढून मध्ये छोटी फट ठेवतील, ती आतून हळूहळू भरून येईल. कातडी सोलवटलेली असती तर आधी बरी करायला लागली असती. त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "कातडी छान ठेवलीत." आमचे हे शेजारी उभे होते, त्यांनी नुसती मान हलवली.

तारीख पुढे जाऊ शकते, म्हणून मी आणखी एक डबा प्लेटा मागवल्या आहेत. कालच आल्या. ह्यांनी खोक्यावर मार्करने २८ लिहिलं आणि बाजूला कंस करून "लावण्याआधी मोजणे".